पटाबाहेरचे मूल

४ जुलै २०१५, शनिवार. राज्यातली शाळाबाह्य मुले एकाच दिवसात मोजायची असे महाराष्ट्र सरकारने ठरवले होते. शिक्षक, अंगणवाडी सेविका, सरकारी कर्मचारी आणि स्वयंसेवक सकाळपासून घरोघर निघाले. घरांखेरीज रेल्वे स्थानके, बाजार, सिग्नल, बांधकामे, दगडखाणी आणि वीटभट्ट्याही पालथ्या घालायच्या होत्या. एकदा मोजलेले मूल पुन्हा मोजले जाऊ नये म्हणून त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला मतदाराला लावतात तशी शाई लावायची होती. आकडा आला तो पन्नास हजारांच्या आसपास. मुलांमध्ये काम करणाऱ्या संस्था-संघटनांनी तो लगेच अमान्य केला. एवढ्या मोठ्या राज्यात इतकीच मुले शाळेबाहेर असतील, यावर ज्यांनी एखादी वीटभट्टी जवळून पाहिली आहे त्यांचा विश्वास बसणे अवघडच होते.

त्या दिवशीची कसोटी सरळ होती. सहा ते चौदा वयाचे जे मूल शाळेत कधी दाखलच झाले नाही, किंवा दाखल होऊन महिनाभराहून अधिक काळ सलग गैरहजर आहे, ते शाळाबाह्य. ते काय शिकते, कोणाकडून शिकते, त्याला वाचता येते का, हे या कसोटीत बसत नाही. पटावर नाव आहे की नाही आणि मूल हजर असते की नाही, एवढेच विचारायचे.

तळोज्यासारख्या ठिकाणी ही कसोटी फार अपुरी पडते. दिवा-पनवेल रेल्वेमार्गावरचे हे गाव आता गाव राहिलेले नाही. एका अंगाला औद्योगिक वसाहत आहे, रसायनांचे, अभियांत्रिकीचे, मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत आणि त्यांच्या सांडपाण्याने गांजलेली कासाडी नदी आहे. दुसऱ्या अंगाला सिडकोच्या आणि खासगी बिल्डरांच्या इमारती चढत गेल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि बँकेत, आयटीत काम करणारी कुटुंबे आणखी जवळ आली. पनवेल तालुक्यात कातकरी आणि स्थलांतरित कुटुंबे हंगामात वीटभट्टीवर उतरतात, तेव्हा त्यांची मुले धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन भट्टीपाशीच दिवस काढतात. त्याच तालुक्यात एखाद्या सातव्या मजल्यावर, शाळेच्या दप्तराला आणि शिकवणीच्या रांगेला कंटाळलेली आई आपल्या मुलीला घरीच शिकवायचे ठरवते. पुण्या-मुंबईत अशा पालकांचे गट आहेत, आणि देशभरातले असे पालक ‘स्वशिक्षण’ या नावाने एकत्र आले आहेत. सर्वेक्षणाच्या कागदावर मात्र भट्टीवरचे मूल आणि सातव्या मजल्यावरचे मूल एकाच रकान्यात पडते.

असे का झाले, हे पाहायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकात घरी शिकणे ही महाराष्ट्रातल्या बहुतेक शिकलेल्या स्त्रियांची एकमेव वाट होती. सावित्रीबाईंची अक्षरओळख जोतीरावांनी घरीच करून दिली. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, आणि त्या आईला शिकवले होते तिच्या पतीने, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, समाजाचा रोष पत्करून. न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या पत्नीला, रमाबाई रानड्यांना, घरात बसून मराठी आणि इंग्रजी शिकवले, तेही घरातल्या बायकांचे टोमणे चालू असताना. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते. त्यांची बदली अलिबागला झाली आणि नातेवाइकांच्या गराड्यातून बाहेर पडून आनंदीबाईंचा अभ्यास तिथे खऱ्या अर्थाने सुरू झाला. अलिबाग म्हणजे तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. तळोजाही याच जिल्ह्यातले. भारतातल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एकीचा पाया या जिल्ह्यातल्या एका घरात घातला गेला, ही गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे.

परंतु या उदाहरणांवरून घरच्या शिक्षणाचे गोडवे गाणे हा अन्याय होईल. शिकवणारा नवरा किंवा बाप घरात असणे हे किती जणींच्या नशिबी होते? आणि शूद्रातिशूद्रांच्या घरी शिकवणार कोण? १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले त्यात हेच दुखणे मांडले आहे. सरकारचा महसूल उभा राहतो रयतेच्या कष्टांतून आणि शिक्षणावरचा पैसा खर्च होतो वरच्या वर्गांवर, हे त्यांनी आयोगाला स्पष्ट शब्दांत सांगितले आणि किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. सक्ती हा शब्द आज पालकांच्या कानाला टोचतो. फुल्यांच्या तोंडी तो हक्काचा शब्द होता. मुलाला शेतातून, मळ्यातून सोडवून शाळेत बसवायचे तर कोणी तरी जबर हात घातला पाहिजे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यांची स्वतःची शाळाही मध्येच सुटली होती आणि काही वर्षे बागेत काम करून ते १८४१ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत परतले होते.

तो हात आधी संस्थानांनी घातला. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदे संस्थानात नेला. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. त्या काळी रोजंदारीवर जगणाऱ्या घराला रुपया म्हणजे थोडी रक्कम नव्हे.

ब्रिटिश मुलखात हा लढा गोपाळ कृष्ण गोखल्यांनी लढवला, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे विधेयक थांबून पाहण्यासारखे आहे. मार्च १९१० मध्ये त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात ठराव मांडला. १६ मार्च १९११ रोजी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती सक्ती, तीही नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने मागितली आणि सरकारने मान्य केली तरच. मुलींचा विचार पुढे करायचा होता. एवढ्या सावध विधेयकालाही संस्थानिक, जमीनदार आणि सरकारी सभासद बिचकले. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले.

हे विधेयक बेतले होते इंग्लंडच्या १८७० आणि १८७६ च्या आणि आयर्लंडच्या १८९२ च्या कायद्यांवरून. इंग्लंडच्या १८७० च्या कायद्यात पालकाला शिक्षा करण्याआधी एक प्रश्न विचारला जाई. मूल शाळेत का नाही, याला वाजवी कारण आहे काय? आजारपण हे एक वाजवी कारण होते आणि जवळपास शाळा नसणे हे दुसरे. त्या यादीत सर्वांत वर होते ते हे कारण की मूल दुसऱ्या मार्गाने पुरेसे शिक्षण घेत आहे. म्हणजे सक्तीचा कायदा जन्माला आला तोच घरच्या शिक्षणाची वाट मोकळी ठेवून. गोखल्यांच्या विधेयकातही पालकाला सूट देण्याची कारणे होती. आजारपण होते, घरची निकड होती आणि शेतीचा हंगामही होता. खेड्यातला शेतकरी कापणीच्या दिवसांत मुलाला शाळेत पाठवणार नाही हे गोखले जाणून होते, आणि त्यासाठी त्याला गुन्हेगार ठरवणे त्यांना मान्य नव्हते.

विधेयक पडले तरी बीज राहिले. विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातला असा हा पहिला कायदा. १९२३ च्या कायद्याने गोष्ट लोकल बोर्डांपर्यंत, म्हणजे खेड्यांपर्यंत आली. १९४७ मध्ये मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. इतर प्रांतांत आणि राज्यांतही असे कायदे होत गेले. दिल्लीच्या १९६० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यात इंग्लंडची ती जुनी वाट शिल्लक दिसते. मूल शाळेत नसले तरी दुसऱ्या एखाद्या मार्गाने शिकत असेल आणि सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने ते शिक्षण समाधानकारक ठरवले, तर गैरहजेरीला सबळ कारण आहे असे मानले जाई. दंडाची तरतूद होती म्हणून ही सूट होती. ज्याला शिक्षा होऊ शकते त्याला बचाव द्यावाच लागतो, आणि बचाव लिहायला घेतला की घरच्या शिक्षणाची व्याख्या आपोआप लिहिली जाते. पुढे जे बिघडले ते नेमके इथे.

कायद्याच्या या वाटचालीत कोसबाडची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुले गुरे राखायला जात, शाळेला येत नसत. दंड करून ती येणार नव्हती, कारण गुरे राखली नाहीत तर घरची चूल पेटत नव्हती. तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. अंगणवाडीही अशीच, मुलाच्या अंगणात गेलेली. मूल शाळेत आले पाहिजे हा कायद्याचा हट्ट आणि शाळा मुलाकडे गेली पाहिजे ही ताराबाईंची दृष्टी. उत्तर कोकणातल्या त्या टेकडीवर हे दुसरे उत्तर सिद्ध झाले होते. कायद्याने ते कधी आपलेसे केले नाही.

राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे आश्वासन दिले. दहाची पन्नास वर्षे झाली. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मूलभूत हक्क असल्याचे म्हटले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने २१ अ हा अनुच्छेद घातला आणि त्याच दुरुस्तीने पालकांच्या माथी एक मूलभूत कर्तव्यही दिले. सहा ते चौदा वयाच्या आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी द्यायची. इथे शब्द शिक्षण असा आहे, शाळा असा नाही. मला वाटते, ही दुरुस्ती लिहिणाऱ्यांच्या हातून हा शब्द चुकून पडलेला नाही.

मग आला २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा, ज्याला सगळे जण आरटीई म्हणून ओळखतात. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात मुलाचा हक्क आहे, पण तो शेजारच्या शाळेतल्या शिक्षणाचा. आठवे कलम सक्ती म्हणजे काय ते सांगते. सक्ती सरकारवर आहे. मुलाचा प्रवेश, त्याची हजेरी आणि त्याचे शिक्षण पूर्ण होणे हे सरकारने पाहायचे. दहावे कलम पालकाचे. आपल्या पाल्याला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य असेल. हे कर्तव्य मोडले तर काय, याबद्दल कायदा एक अक्षर बोलत नाही. दंड नाही, खटला नाही. गरिबाच्या घरी पुन्हा रुपयाचा दंड नको, हा त्यामागचा विचार योग्यच होता.

पण दंडाबरोबर बचावही गेला. सबळ कारणाचे कलम आता ठेवायचे कशासाठी? ते निघाले, आणि त्याच्याबरोबर घरी शिकणाऱ्या मुलाची कायद्यातली ओळखही पुसली गेली. आज घरी शिकवणारा पालक गुन्हेगार नाही, आणि त्याचे मूल कायद्याच्या दृष्टीने विद्यार्थीही नाही. चार-पाच घरांनी मिळून एखाद्या सदनिकेत मुले जमवली आणि रोज वर्ग घेतले, तर अठराव्या-एकोणिसाव्या कलमांची छाया पडते. मान्यता नसलेली शाळा चालवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि पुढे चालूच ठेवली तर दररोज दहा हजार. एकट्याने शिकवले तर कायदा गप्प, चौघांनी मिळून शिकवले तर कदाचित शाळा. ती सीमारेषा कुठे आहे हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने एक दार उघडले. ती १ ऑगस्ट २०१२ पासून लागू झाली. बहुविकलांग किंवा तीव्र दिव्यांग मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय तिने दिला. त्याच दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. ज्या मुलाला शाळेत जाणे शक्य नाही त्याला घर कायद्याने मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. पण जे मूल जाऊ शकते, तरी घरी शिकते, त्याचा उल्लेख याही वेळी झाला नाही.

तो प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला. घरी शिकणाऱ्या एका मुलीच्या वतीने तिथे याचिका झाली होती. तीत २०१२ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने प्रतिज्ञापत्र दिले. स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांना आरटीई आडवा येत नाही आणि हा कायदा अशा शिक्षणाला बेकायदा ठरवत नाही, असा त्याचा आशय होता. देशभरातल्या घरशिक्षण करणाऱ्या पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु प्रतिज्ञापत्र म्हणजे कायदा नव्हे. घरशिक्षणाची व्याख्या करणारा निवाडा त्या प्रकरणातून निघाला नाही.

व्याख्या नसली की तिची जागा फॉर्म घेतात. महाराष्ट्रात हा फॉर्म सगळ्यांना माहीत आहे तो सतरा नंबरचा. ‘सतरा नंबर भरून दहावी’ हे वाक्य उच्चारले की समोरच्याला काही समजावून सांगावे लागत नाही. नापास होऊन शाळा सुटलेले, लग्न होऊन शिक्षण थांबलेल्या बाया, कारखान्यात पाळीत काम करणारे मदतनीस, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे, सगळ्यांनी या फॉर्मच्या आधारे बाहेरून परीक्षा दिली आहे. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत असा कामगार शोधायला फार फिरावे लागणार नाही. फॉर्म आता ऑनलाइन भरतात, पण मागण्या जुन्याच. वय चौदा पूर्ण हवे, आणि पाचवीपर्यंत तरी मान्यताप्राप्त शाळेत शिकल्याचे दाखवावे लागते. त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. त्यावर जनरल रजिस्टरचा क्रमांक, शाळेत कधी आले, कधी सोडली, कोणत्या इयत्तेतून, आणि कारण. पाचवी-सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकलेल्या मुलाला हा रस्ता बरा पडतो. जे मूल बालवाडीनंतर शाळेत गेलेच नाही, त्याच्या पालकाच्या हातात हा दाखला नसतो, आणि सतरा नंबर तिथेच अडतो.

दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. १९८९ मध्ये नॅशनल ओपन स्कूल म्हणून सुरू झालेली ही संस्था २००२ पासून एनआयओएस या नावाने ओळखली जाते. चौदा पूर्ण झाले की माध्यमिक परीक्षेला बसता येते, आणि घरी शिकणारी बहुतेक मराठी मुले आज याच वाटेने दहावी होतात. लहान मुलांसाठी तिच्याकडे मुक्त मूलभूत शिक्षणाच्या ए, बी आणि सी अशा पायऱ्या होत्या, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या. आरटीई आला आणि चौदाच्या आतल्या मुलांसाठी या पायऱ्या ठेवायच्या की नाही, यावर मुदतवाढीमागून मुदतवाढ झाली. चौदाच्या आतले प्रत्येक मूल शाळेतच असणार हे कायद्याने गृहीत धरले होते.

तिसरा रस्ता राज्याने स्वतः बांधला. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा शासन निर्णय जुलै २०१७ मध्ये निघाला आणि जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री विनोद तावडे यांनी त्याची सुरुवात केली. पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या बरोबरीच्या परीक्षा. पाचवीसाठी वय किमान दहा, आठवीसाठी तेरा, दहावीसाठी पंधरा. खेळाडू, कलावंत, शाळा सुटलेली मुले, सगळ्यांसाठी हे दार असल्याचे सांगितले गेले. लगेच आक्षेप आले, आणि ते खोटे नव्हते. दहा वर्षांच्या मुलाला सरकारच शाळेबाहेरून पाचवी देणार असेल, तर भट्टीवरचा मुकादम उद्या सांगेल, पोरगा मुक्त विद्यालयात आहे. मग बालरक्षक म्हणून वीटभट्ट्या धुंडाळणाऱ्या शिक्षकाने त्या पोराला कशाच्या आधारे शाळेत आणायचे? फुल्यांपासून चालत आलेली सक्तीची बाजू इथे पुन्हा उभी राहिली, आणि मी तिच्याच बाजूचा आहे. घरशिक्षणाला मान्यता हवी असे मला वाटते ते तिच्या विरोधात जाऊन नव्हे.

बालमजुरीच्या कायद्यातही हीच गुंतागुंत आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावण्यावर सरसकट बंदी आली. एक अपवाद ठेवला तो घरच्या बिनधोक्याच्या व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मदत करण्याचा. ज्या मुलाला शाळाच नाही त्याची शाळेची वेळ कोणती? अशा फटीत शिकणारे मूल आणि राबणारे मूल यांच्यातला फरक कागदावर सांगता येत नाही.

या फटीची किंमत वरच्या टोकालाही मोजावी लागली. मुंबईतल्या एका मुलीने सातवीच्या वयात शाळा सोडली, घरी शिकली, इन्फॉर्मॅटिक्सच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये भारतासाठी तीन पदके मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला बोलावून घेतले. आयआयटीत तिला प्रवेश नव्हता, कारण बारावीची गुणपत्रिका नव्हती. वर्तमानपत्रांनी ही बातमी कौतुकाने छापली. मला तिच्यातला दुसरा भाग अधिक टोचला. तिची पात्रता ओळखायला परदेशातले विद्यापीठ पुढे आले.

अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना हा फरक चटकन दिसतो. न्यू जर्सीत, जिथे मराठी वस्ती मोठी आहे, कायदा म्हणतो की मूल शाळेत जावे किंवा शाळेबाहेर त्याच तोडीचे शिक्षण घ्यावे. पालकाला नोंदणीही करावी लागत नाही. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये वर्षाचा आराखडा, दर तिमाहीला अहवाल आणि वर्षअखेरीस मूल्यमापन, इतके सगळे द्यावे लागते. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये घरशाळेला खासगी शाळेत धरले. इंग्लंडमध्ये १९४४ पासून मुलाचे शिक्षण शाळेत किंवा अन्य मार्गाने व्हावे असे कायदाच सांगतो. जर्मनी याच्या विरुद्ध टोकाला, तिथे घरशिक्षण जवळजवळ पूर्ण बंद आहे आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही २००६ मध्ये या बंदीला दुजोरा दिला. यातली कोणती पद्धत बरी, यावर मतभेद असू शकतात. पण या प्रत्येक ठिकाणी पालकाला आपण कुठे उभे आहोत ते कळते. न्यू जर्सीतून बदलीवर परतलेले कुटुंब पनवेलमध्ये उतरले की ते कळेनासे होते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे महाराष्ट्रातल्या लहानग्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही. पहिली ते चौथीचे वर्ग राज्यात डिसेंबर २०२१ मध्ये उघडू लागले. तळोज्याच्या इमारतींत मुले टॅबवर वर्ग करत होती. ज्यांच्या घरी एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर कारखान्यात जात होता, त्यांची अक्षरे मागे पडली. घरी शिकणे घराच्या ऐपतीवर किती अवलंबून असते हे या दोन वर्षांत सगळ्या राज्याला दिसले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एनआयओएसच्या ए, बी, सी पायऱ्या पुन्हा मांडल्या आणि तीव्र दिव्यांग मुलांसाठी घरच्या शिक्षणाचा पर्याय कायम ठेवला. स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्यांविषयी मात्र तिथेही स्पष्ट तरतूद आली नाही.

आरटीईच्या नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर एक काम टाकले आहे. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची. तळोजे पाचनंद, तळोजे मजकूर, घोट, पेंधर ही गावे १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आली. त्यानंतरही गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा बराच काळ जिल्हा परिषदेकडेच होत्या. मुले एकाच्या हद्दीत आणि शाळा दुसऱ्याच्या ताब्यात, अशा स्थितीत मुलाची नोंद कोणी ठेवायची? तरीही हे नववे कलमच मला आशेचे वाटते. त्या नोंदवहीत ‘शाळेत’ आणि ‘शाळाबाह्य’ यांच्याबरोबर ‘घरी शिकतो’ असा तिसरा रकाना करता येईल, पण अटींसह. पालकाने दर वर्षी लेखी कळवावे, काय शिकवणार ते सांगावे, केंद्रप्रमुखाने वर्षातून दोनदा मुलाला भेटावे, त्याच्याशी बोलावे, त्याची वही पाहावी. ज्या मुलाची वही कोरी आणि हात विटांच्या मातीने भरलेले, त्याला त्या रकान्याचा आडोसा मिळू नये.

दरम्यान एक सोय कायद्यात आधीपासून आहे आणि ती फार कमी पालकांना माहीत असते. चौथ्या कलमानुसार कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही त्याच्या वयाच्या इयत्तेत थेट प्रवेश द्यावा लागतो आणि कमी पडेल तेवढे विशेष प्रशिक्षण शाळेने द्यायचे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. घरी शिकलेले नऊ वर्षांचे मूल उद्या पेंधरच्या शाळेत चौथीत बसू शकते. परत येण्याची ही वाट भट्टीवरच्या मुलासाठी केली होती, ती सातव्या मजल्यावरच्या मुलालाही तितकीच खुली आहे.

जाण्याची वाट मात्र लिहायची राहिली आहे. शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्राला या कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती करता येते. राज्याचे मुक्त विद्यालय दहाव्या वर्षी सुरू होते आणि कायद्याची सक्ती सहाव्या वर्षी. मधल्या चार वर्षांत घरी शिकणाऱ्या मुलासाठी महाराष्ट्र सरकारकडे आज ना परीक्षा आहे, ना फॉर्म, ना भेटीला येणारा अधिकारी. दुरुस्तीची सुरुवात या चार वर्षांपासून व्हायला हवी.